लोथारच्या अंगावरचं बिबट्याचं कातडं

मागच्या महिन्यात आईकडे माळा आवरताना इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा सापडला. सुतळीने बांधलेला, कडा पार पिवळ्या पडलेल्या, वेताळाचे बरेच अंक आणि जादूगार मॅन्ड्रेकचे पाच-सहा. आवरणं राहिलं बाजूला, मी तिथेच फरशीवर बसून वाचत सुटलो आणि लोथारपाशी अडकलो. लहानपणी लोथार म्हणजे मॅन्ड्रेकचा जिवलग दोस्त, दहा जणांना एका हाताने उचलणारा, एवढंच डोक्यात होतं. मराठीत तो आपल्यासारखंच नीट बोलायचा ना, त्यामुळे मूळ लोथार कसा होता हे कधी कळलंच नाही. १९३४ साली अमेरिकन पेपरांत तो पहिल्यांदा आला तेव्हा म्हणायला सात राष्ट्रांचा राजपुत्र, पण अंगावर बिबट्याचं कातडं, डोक्यावर फेझ टोपी आणि तोंडी मोडकंतोडकं इंग्रजी. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्सकडे चित्रांचं काम आलं, तेव्हा कुठे तो अंगभर कपडे घालून धड वाक्यं बोलायला लागला. म्हणजे मधे तीस वर्षं गेली.

ते वाचल्यापासून रोज रात्री जुन्या अमेरिकन कॉमिक्सबद्दल मिळेल ते वाचतोय, आणि जे सापडलं त्याने अभिमानही वाटला आणि पोटात खड्डाही पडला.

अभिमानाचं आधी सांगतो. कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ आठवतंय का, कॅप्टन हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतोय, तेच. अंकावर मार्च १९४१ छापलंय पण स्टॉलवर तो डिसेंबर १९४० मध्येच आला होता, म्हणजे जपानने पर्ल हार्बरवर हल्ला करून अमेरिकेला युद्धात ओढलं त्याच्या जवळजवळ वर्षभर आधी. तेव्हा अमेरिका युद्धात नव्हती, कितीतरी लोकांचं म्हणणं होतं की युरोपच्या भानगडीत आपण पडू नये, आणि न्यूयॉर्कमध्ये नाझींचे उघड समर्थक होते. ज्यांनी हे काढलं ते जो सायमन आणि जॅक कर्बी, दोघंही ज्यू, स्थलांतरितांच्या घरातले, कर्बीचं खरं नाव जेकब कुर्ट्झबर्ग. अंक आला आणि धमक्या सुरू झाल्या, इतक्या की महापौर ला गार्डिया यांनी स्वतः ऑफिसात फोन करून सांगितलं, तुम्हाला काही होऊ देणार नाही. सुपरमॅनचे जेरी सीगल आणि जो शुस्टर हेही ज्यूच, आणि १९४० मध्ये तर हिटलरच्या एसएस या संघटनेच्या पेपराने सीगलचं नाव घेऊन त्याच्यावर गरळ ओकली होती. वीस रुपयांचं असो की दहा सेंटचं, मुलांच्या हातातलं एक पुस्तक बर्लिनमधल्या माणसांना झोंबतं, ही मला अजूनही जबरदस्त गोष्ट वाटते.

आणि आता पोटात खड्डा पडला ते. त्याच १९४१ मध्ये, त्याच प्रकाशकाकडून 'यंग अ‍ॅलाइज' नावाचं कॉमिक आलं, कॅप्टन अमेरिकाचा जोडीदार बकी आणि त्याची पोरांची टोळी. टोळीत एक काळा मुलगा आहे आणि त्याचं नाव व्हाइटवॉश जोन्स. चेहऱ्यात जाडजूड ओठच काय ते दिसतात, भुताला घाबरून थरथरतो, त्याची ओळख करून देताना लिहिलंय की हा माउथ ऑर्गन छान वाजवतो आणि कलिंगड छान खातो, आणि कलिंगडावरून काळ्यांची टिंगल करणं ही तिथली जुनीच खोड. ही टोळी कुणी निर्माण केली? सायमन आणि कर्बीनेच. हे पान मी स्क्रीनवर मोठं करून कितीतरी वेळ बघत होतो. ज्या माणसांना द्वेष म्हणजे काय हे घरातून माहीत होतं त्यांनाही शेजारच्या मुलाचा चेहरा असा काढताना काही खटकलं नाही, आणि ही काही दुष्ट माणसं नव्हती, त्या काळात सगळेच असं काढत होते, सिनेमात, जाहिरातीत, सगळीकडे. म्हणूनच जास्त त्रास होतो. युद्ध सुरू झाल्यावर जपानी माणसांची चित्रं तर सुळे असलेल्या राक्षसांसारखी, आणि १९४३ मध्ये पेपरातल्या सुपरमॅनच्या गोष्टीत छावणीत डांबलेले जपानी-अमेरिकन लोक कट करताना दाखवलेत, ज्या लोकांना नुसत्या वंशावरून घरांतून उचलून तिथे कोंडलं होतं.

मग बदललं कसं? माझं ठाम मत आहे की आधी वाचकांनी बदलायला लावलं.

कॅप्टन मार्व्हलच्या अंकांत स्टीमबोट नावाचं असंच एक पात्र होतं, काळा नोकर, तसाच चेहरा, तसलीच भाषा. १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळकरी मुलांचा एक गट थेट फॉसेट प्रकाशनाच्या ऑफिसात गेला, स्टीमबोटचं मोठं केलेलं चित्र सोबत घेऊन. संपादक म्हणाले, अरे आम्ही गोऱ्या पात्रांचीही गंमत करतोच की. मुलं हटली नाहीत, त्यांचं म्हणणं एकच, हे चित्र आमच्या समाजाचं नाही, पण तुमचे लाखो वाचक ते तसंच समजतील. स्टीमबोट बंद झाला. तेरा-चौदा वर्षांची पोरं हो! त्या वयात मी दुकानदाराला सुट्टे पैसे मागायला घाबरायचो.

१९४६ च्या उन्हाळ्यात रेडिओवरच्या सुपरमॅनने सोळा भागांची मालिका केली, त्यात बेसबॉल टीममध्ये एक चिनी-अमेरिकन मुलगा येतो आणि बुरखेवाली टोळी त्याच्या घरासमोर पेटता क्रॉस उभा करते, म्हणजे नाव बदललेली कू क्लक्स क्लानच, काळ्यांवर आणि परक्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची संघटना. मुलांच्या कार्यक्रमात हे करायला छाती लागते. आणि १९४७ मध्ये फिलाडेल्फियात ऑरिन इव्हान्स या काळ्या पत्रकाराने काम करत होता तो पेपर बंद पडल्यावर 'ऑल-निग्रो कॉमिक्स' काढलं, लिहिणारे-काढणारे सगळे काळे कलाकार. त्यातला लायन मॅन दिसायला जंगलातला हिरो, पण आहे कॉलेज शिकलेला अमेरिकन शास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांनी आफ्रिकेत युरेनियमवर लक्ष ठेवायला पाठवलेला. लोथारच्या शेजारी त्याला उभा करून बघा म्हणजे फरक कळतो. दुसरा अंक तयार होता. पण कागद विकणाऱ्यांनी इव्हान्सला कागदच विकला नाही. ना बंदी, ना खटला, फक्त कागद नाही, विषय संपला.

पुढे ब्लॅक पँथर हा काळा सुपरहिरो यायला १९६६ उजाडलं आणि तिथून पुढचं बऱ्याच जणांना माहीत आहे.

मला मात्र एक गोष्ट सांगायचीच आहे, जरी ती सुपरहिरोची नाही. ईसी कॉमिक्स या प्रकाशनाची 'जजमेंट डे', १९५३, लेखन अल फेल्डस्टीन, चित्रं जो ऑर्लँडो. पृथ्वीवरचा एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर तपासणीला येतो, हे लोक आपल्या गणराज्यात घेण्यालायक झालेत का ते बघायला. तिथे नारिंगी आणि निळे असे दोन प्रकार, आतली यंत्रं तंतोतंत सारखी, फक्त वरच्या पत्र्याचा रंग वेगळा, आणि निळ्यांना राहायला वेगळी वस्ती, बसमध्ये मागची जागा. तो म्हणतो, अजून नाही, तुम्हाला वेळ आहे. यानात परत गेल्यावर शेवटच्या चौकटीत तो हेल्मेट काढतो आणि तो काळा माणूस असतो, कपाळावर घामाचे थेंब चमकताहेत.

पुढे १९५४ मध्ये कॉमिक्स कोड आला, म्हणजे प्रकाशकांनीच स्वतःवर घालून घेतलेली नियमावली, अंक छापायच्या आधी तपासून घ्यायचा. त्या कोडमध्ये चक्क लिहिलं होतं की कुठल्याही वंशाची टिंगल चालणार नाही. ईसीने ही गोष्ट पुन्हा छापायला घेतली तर कोडचे प्रमुख चार्ल्स मर्फी म्हणाले, हा माणूस काळा चालणार नाही. फेल्डस्टीन म्हणाला, अहो, तीच तर गोष्ट आहे! मग मर्फींनी सांगितलं, बरं, निदान घाम तरी काढा. ईसीचा मालक बिल गेन्स इतका भडकला की म्हणाला, पत्रकार परिषद घेऊन सगळं जगाला सांगतो.

१९५६ च्या सुरुवातीला गोष्ट छापून आली, एक रेघ न बदलता. ईसीचं ते शेवटचं कॉमिक बुक. शेवटच्या चौकटीतल्या त्या कपाळावर घामाचे थेंब होते तिथेच आहेत.