तुम्ही विचारलंत म्हणून: घरासाठी कॉर्डलेस ड्रिल कुठलं घेऊ?

"तुम्ही घरातली कामं स्वतः करता ना, मग सांगा, कॉर्डलेस ड्रिल कुठलं घेऊ?" हे मला नातेवाईक विचारतात, सोसायटीतले विचारतात, लिफ्टमध्ये हातात ड्रिलचा बॉक्स दिसला की ओळख नसलेली माणसंसुद्धा विचारतात, आणि सगळ्यांना एका वाक्यात उत्तर हवं असतं. ते उत्तर पुढे देतोच. पण आधी मी उलटं विचारतो, तुमच्या घराची भिंत कसली आहे? इथे बहुतेक जण थांबतात, कारण भिंतीचा रंग, त्या रंगाची कंपनी, पेंटरने किती घेतले हे सगळं ठाऊक असतं, पण रंगाच्या आत काय आहे ते बघायची वेळच आलेली नसते. आणि ड्रिलचा निर्णय निम्म्याहून जास्त तिथेच होतो.

भिंत ओळखायला पूड बघायची. कपाटामागे किंवा दाराआड, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी ६ एमएमचं बिट (ड्रिलच्या तोंडात बसणारी, भोक पाडणारी सळई) लावून एक भोक पाडा. कुणाचं तरी ड्रिल आणा त्यासाठी, शेजाऱ्याकडे असतंच. पहिला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर प्लास्टर असतं, ते करडं पडेल, जिप्सम केलेलं असेल तर पांढरं पडेल, त्यावरून काही ठरवू नका. त्याच्या पुढे काय येतं ते महत्त्वाचं. लाल-केशरी पूड आली तर वीट. फिकट, पिठासारखी मऊ पूड भसाभस पडायला लागली आणि हाताला काही जोरच लावावा लागला नाही तर एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक, ज्याला आपल्याकडे अजून सगळे सिपोरेक्सच म्हणतात. आणि करडी, अगदी बारीक पूड चिमूट चिमूट येतेय, आवाज चढलाय, बिट तिथल्या तिथे फिरतंय, बाहेर काढलं तर टोक चटका बसेल इतकं गरम, तर समजायचं की काँक्रीट लागलं. कोकणात किंवा गोव्यात चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर असेल तर पूड तांबूस-तपकिरी असते आणि बिट मध्येच सटकन आत जातं, कारण जांभ्याला अंगचीच छिद्रं असतात, तिथे भोक सोपं पण स्क्रू धरणं अवघड, म्हणून गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात ठोकतात तो प्लास्टिकचा तुकडा, लांब घ्यावी लागते.

आता यात एक गंमत अशी आहे की विटेच्या घरातही काँक्रीट असतंच आणि नेमकं जिथे तुम्हाला भोक हवं असतं तिथे असतं. खिडकीच्या वर भिंतीचं वजन पेलायला लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, घातलेली असते, ती आरसीसीची, आत सळ्या घातलेल्या काँक्रीटची. पडद्याचा रॉड कुठे लावायचा? खिडकीच्या वर. म्हणजे घरातलं पहिलं काम, ज्यासाठी लोक ड्रिल विकत घेतात, ते बरोबर लिंटेलवर येतं, बिट एक इंच जाऊन अडतं आणि निष्कर्ष निघतो की कॉर्डलेसमध्ये दम नाही. त्याच ड्रिलने शेजारच्या भिंतीत, विटेमध्ये, ८ एमएमचं भोक आरामात पडतं. लिंटेल किती उंच आहे ते घरोघरी वेगळं असतं, कधी कधी ब्रॅकेट चार-सहा इंच वर घेतलं तर ती चुकवता येते, रॉड थोडा उंच गेला तर खोली उलट चांगली दिसते.

यासाठी ड्रिलच्या आत काय होतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे दुकानदार काय विकतोय ते कळेल. साधं ड्रिल ड्रायव्हर फक्त फिरतं. इम्पॅक्ट ड्रिल फिरता फिरता ठोकतं, त्यात दातेरी चकत्यांची जोडी असते, त्या एकमेकींवर घासत उड्या मारतात, मिनिटाला वीस-पंचवीस हजार ठोके, पण प्रत्येक ठोका अगदी हलका आणि तोही तुम्ही जितकं रेटाल तितकाच. विटेला हे पुरतं. काँक्रीटला नाही पुरत. काँक्रीटसाठी रोटरी हॅमर, त्यात पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा आतला ठोकळा बिटच्या मागच्या टोकावर आदळते, सुतार छिन्नीवर हातोडी मारतो तसं, ठोके मिनिटाला चार-पाच हजारच पण प्रत्येकात जीव असतो आणि तुम्हाला रेटावं लागत नाही, नुसतं धरायचं. त्याची बिटंही वेगळी, मागे खाचा असलेली, एसडीएस प्लस, ती साध्या चकमध्ये, म्हणजे ड्रिलच्या बिट धरणाऱ्या जबड्यात, बसत नाहीत. आणि चौथा एक इम्पॅक्ट ड्रायव्हर म्हणून येतो, तो लांब स्क्रू पिळायला, त्यातला इम्पॅक्ट गोल फिरण्याच्या दिशेने असतो, भिंतीकडे नाही. नावात इम्पॅक्ट बघून लोक भिंतीसाठी तो आणतात आणि मग यात फक्त सहा कोनी दांड्याचंच बिट कसं काय बसतं म्हणून फोन करतात. बॉशच्या निळ्या मशीनवर जीएसआर लिहिलं असेल तर ठोका नाही, जीएसबी असेल तर ठोका आहे, जीबीएच असेल तर रोटरी हॅमर, ही तीन अक्षरं पाठ करून ठेवा, बॉक्सवरचं बाकी काही नाही वाचलं तरी चालेल.

मुंबई, ठाणे, पुण्यात नव्या टॉवरमध्ये राहात असाल तर तुमची भिंत बहुधा मिव्हानची असेल, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात स्लॅबबरोबर अख्खी भिंतच ओतलेली, वीट कुठे नाहीच. तिथे मी स्पष्ट सांगतो, घरगुती कॉर्डलेस इम्पॅक्टकडून भिंतीची अपेक्षा ठेवू नका. एखाद-दोन भोकं पडतीलही, बॅटरी आणि बिट दोन्हीची वाट लावून. वायरवाला छोटा रोटरी हॅमर एक दिवस भाड्याने आणा, बऱ्याच शहरांत हार्डवेअरवाले देतात, नाहीतर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि पडदे, टीव्ही, आरसा, गीझरच्या वरचं शेल्फ, देवघर, सगळ्यांची भोकं आधी पेन्सिलने मार्क करून एकाच दुपारी उरकून घ्या. दुपारी म्हणजे सोसायटीच्या वेळा बघून, २ ते ४ या वेळेत लोक झोपलेले असतात.

मग कॉर्डलेस घ्यायचंच कशाला? तर भिंत हे त्याचं खरं कामच नाही म्हणून. घरात भोकं पाडायची वेळ वर्षातून कितीदा येते? स्क्रू मात्र सतत पिळावे लागतात. किचन ट्रॉलीचा चॅनेल ढिला झाला, दाराची बिजागरी खाली बसली, ऑनलाइन मागवलेलं शू-रॅक जोडायचंय, बाल्कनीत कबुतरांची जाळी लावायचीय, मुलाचा स्टडी टेबल उंच करायचाय, या सगळ्याला ड्रिल कमी आणि मोटरवाला पेचकस जास्त लागतो, आणि तो हातात आला की माणूस कामं टाळत नाही. मला कॉर्डलेसचं खरं मोल इथे वाटतं. एक्स्टेन्शन बोर्ड शोधा, वायर ओढा, पायात अडकू देऊ नका, हे सगळं गेलं की पाच मिनिटांचं काम पाच मिनिटांतच होतं. गावी घर असेल तर विचारायलाच नको, लाइट गेली तरी काम चालू राहतं.

स्क्रूसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्लच, चकच्या मागे आकडे लिहिलेली फिरती रिंग असते ती. १ पासून १५-२० पर्यंत आकडे, मग ड्रिलचं चित्र, मग हातोडीचं चित्र. आकडा म्हणजे किती जोर लागल्यावर ड्रिलने पिळणं सोडायचं ते. प्लायमध्ये बिजागरीचा छोटा स्क्रू लावताय तर ४ किंवा ५ वर ठेवा, वरचा स्पीडचा खटका १ वर, ट्रिगर अगदी हळू दाबा. स्क्रू आत जातो, डोकं पत्र्याला टेकतं आणि कटकटकट आवाज येऊन फिरणं थांबतं, हाताला तो धक्का स्पष्ट कळतो. नाहीच टेकला पूर्ण तर एक आकडा वाढवा. हे न करता लोक रिंग ड्रिलच्या चित्रावर ठेवूनच स्क्रू पिळतात, मग पार्टिकल बोर्डमधला स्क्रू भोकात नुसता गोल फिरत राहतो, तो बोर्ड स्क्रूला पुन्हा धरत नाही. अमुक न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, म्हणून जाहिरातीत आकडा मोठा करून सांगतात, पण फर्निचरच्या कामात तुम्ही त्या टॉर्कचा छोटासा भागच वापरता, तो नीट आवरता येतो का हे बघायला हवं.

तर उत्तर. वीट, चिरा किंवा एएसीचं घर असेल आणि एकच मशीन घ्यायचं असेल तर नावाजलेल्या कंपनीचं १२ व्होल्टचं इम्पॅक्ट ड्रिल, १० एमएमचा चक, दोन स्पीड, दोन बॅटऱ्यांचं किट. वजन साधारण किलोच्या आसपास, घरातलं कुणीही स्टुलावर उभं राहून एका हाताने धरू शकेल, आणि हे फार महत्त्वाचं आहे कारण जड ड्रिल बॉक्समध्येच राहतं. एएसीमध्ये ठोका बंद ठेवा, नुसतं फिरवून भोक पाडा, ठोक्याने ते मोठं होतं आणि गिट्टी सैल बसते. १८ व्होल्टचं तेव्हा घ्या जेव्हा तुम्ही खरोखर लाकूडकाम करणार आहात, पलंग, टेबल, जाड लाकडात मोठी भोकं, किंवा त्याच बॅटरीवर पुढे ग्राइंडर, जिगसॉ चालवायचाय. कारण तुम्ही ड्रिलबरोबर बॅटरीचं घराणं निवडताय, एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही. आणि फक्त विटेच्या भिंतीला भोकं पाडायची, बाकी काही करायचं नाही, बजेट कमी, तर सरळ वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल घ्या, स्वस्त पडतं, पंधरा वर्षं चालतं, त्यात कमीपणा काही नाही. ब्रशलेस मोटर परवडली तर छान, चार्ज जास्त पुरतो आणि मोटरमधले झिजणारे कार्बन ब्रश बदलायला लागत नाहीत, पण महिन्यातून दोनदा वापरणाऱ्याने त्यासाठी अडून बसू नये.

व्होल्टच्या आकड्यांनी मात्र फसू नका. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाला की ४.२ च्या आसपास. १८ व्होल्टच्या बॅटरीत असे पाच सेल असतात, म्हणजे त्याच पाच सेलना कुणी १८ म्हणतं, कुणी २० मॅक्स म्हणतं, कुणी २१. तसंच १०.८ आणि १२ एकच. पण ऑनलाइन स्वस्तात ४८, ८८ असे आकडे आणि पुढे बारीक व्हीएफ छापलेली बॅटरी दिसते, त्या आकड्याचा व्होल्टशी काही संबंध नसतो, आतमध्ये तेच पाच सेल. त्यापेक्षा बॅटरीवर अँपिअर-अवर, म्हणजे तिच्यात चार्ज किती मावतो, ते बघा, घरासाठी २ भरपूर झाले.

बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करायची, असं अजून पुष्कळ जण सांगतात. ते निकेल-कॅडमियमच्या जमान्यातलं, लिथियमला त्याने त्रासच होतो. ड्रिलचा जोर कमी झालेला जाणवला की चार्जिंगला लावा, तापलेली असेल तर आधी गार होऊ द्या, आणि दोन-चार महिने वापरणार नसाल तर अर्धवट चार्ज करून ठेवा. विदर्भात उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, ती उष्णता बॅटरी कायमची म्हातारी करते.

अमेरिकेतून भाऊ येतोय, तिकडून आणू का, हाही प्रश्न येतो. मशीन तिकडे स्वस्त मिळतं हे खरं, पण तिकडचे चार्जर बहुतेक १२० व्होल्टचे असतात आणि आपल्याकडे २३०, थेट लावला तर चार्जर गेलाच. आणायचंच असेल तर त्याच बॅटरीला चालणारा चार्जर इथे मिळतो का ते आधी बघा. सुट्या बॅटऱ्या विमानात हँडबॅगेतच न्याव्या लागतात, चेक-इनमध्ये चालत नाहीत, मशीन मात्र चेक-इनमध्ये. वॉरंटीचं काम इथलं सर्व्हिस सेंटर करेल का तेही विचारून घ्या, बऱ्याचदा नाही म्हणतात.

बजेटमधले चार-पाचशे रुपये बिटांसाठी बाजूला काढाच. किटबरोबर पन्नास पीसचा डबा येतो तो बघायला छान, पण भिंतीसाठी ६ आणि ८ एमएमची चांगली कार्बाइड टोकाची दोन बिटं वेगळी घ्या, लोखंडासाठी एचएसएस म्हणजे हाय स्पीड स्टीलचं, टाइलसाठी भाल्याच्या टोकाचं एक. टाइलवर ठोका कधीच लावायचा नाही, मास्किंग टेप चिकटवून हळू फिरवत टाइल पार करायची, मग बिट बदलून पुढची भिंत. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायर आणि पाइप तिथूनच गेलेले असतात. आणि गॉगल घाला, वरच्या भोकाची पूड डोळ्यातच येते.

घेताना शक्य असेल तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी अशा ठिकाणी जाऊन हातात धरून घ्या. चकमध्ये ३ एमएमचं बारीक बिट लावायला सांगा, ट्रिगर हळूहळू दाबा आणि बिटच्या टोकाकडे बघा. टोक एका जागी फिरलं पाहिजे. गोल घुमताना दिसलं तर बिट काढून पुन्हा लावून बघा, दुसरं बिट लावून बघा, तरी तसंच दिसलं तर चक वाकडा आहे, दुसरा बॉक्स उघडायला सांगा. ट्रिगर सोडल्यावर चक लगेच थांबतो का तेही बघा. मग बिलावर मशीनचा नंबर लिहून घ्या, वॉरंटी ऑनलाइन रजिस्टर करायची असेल तर तोच लागतो.