सत्त्याऐंशीपट लहान मळवली

घरात रेल्वे करायची म्हटलं की पहिला अडथळा भिंतीचा. जगभर सगळ्यात जास्त चालतं ते एचओ माप. त्यात प्रत्येक वस्तू मूळच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी असते. ऐकायला केवढं लहान वाटतं! आता पुणे-लोणावळा मार्गावरच्या मळवलीला थांबणारी बारा डब्यांची लोकल घ्या. या मापात ती जवळजवळ साडेनऊ फूट भरते. आमची मागची खोली बारा फुटांची. म्हणजे गाडी फलाटाला लागली की खेळ संपला. तिला यायला जागा नाही आणि जायलाही नाही. वळणाचं तर विचारूच नका. आपल्या ब्रॉडगेजवर अगदी अवघडातलं अवघड वळण १७५ मीटर त्रिज्येचं. त्याला ८७ नं भागलं की दोन मीटर उरतात, आणि ही त्रिज्या झाली बरं का, व्यास नव्हे. पूर्ण वळसा घालायचा तर तेरा-चौदा फूट रुंद खोली हवी. तेवढी मोकळी खोली पुण्यात ज्याच्याकडे आहे, तो ती भाड्यानं देतो.

त्यामुळे कुठं खोटं बोलायचं ते आधी ठरवावं लागतं. माझी लोकल चार डब्यांची आहे. वळणं दीड फूट त्रिज्येची, खोक्यातून तयार येतात तशी. खऱ्या जगात ते वळण चाळीस मीटरचं झालं; तिथं लोकल काय, पीएमपीची बससुद्धा जपून घ्यावी लागेल. काही जण गाडी कापण्याऐवजी कॅलेंडर मागं नेतात. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा तिला सातच डबे होते, त्यामुळे तो काळ धरला की गाडी न कापता खोलीत बसवायची थोडी तरी आशा राहते. युक्ती चांगली आहे. पण मला लोकलच हवी होती. सॅक पाठीला लावून लोहगडाला निघालेली पोरं डेक्कन क्वीनमधून मळवलीला उतरत नाहीत.

सगळ्यात मोठं खोटं मात्र पायातच आहे. एचओच्या दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असतं. त्याला ८७ नं गुणलं की युरोप-अमेरिकेतला स्टँडर्ड गेज येतो, १४३५ मिलिमीटर. आपला ब्रॉडगेज १६७६ चा. तो मापात आणायचा तर रूळ १९ मिलिमीटरांहून थोडे जास्तच लांब बसवायला हवेत. तसे रूळ दुकानात सहज मिळत नाहीत. रुळांखालचा एकेक स्लीपर मांडून, रुळाला डाग देऊन, सांध्यांसकट सगळं हातानं करायचं आणि मग प्रत्येक डब्याचे आसही रुंद करायचे. असे कर्मठ लोक आहेत. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, फक्त त्यांची गाडी धावताना फारशी कुणी पाहिलेली नसते. माझी लोकल पावणेतीन मिलिमीटर अरुंद रुळांवर सुखानं चालते आणि कुणाला काही कळत नाही. एकाला कळलं. आमच्या इमारतीतले रेल्वेतून निवृत्त झालेले काका आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि म्हणाले, “ही कुठली लाइन? ब्रॉड नाही, मीटरही नाही.” मी म्हटलं, “मेट्रो म्हणा.” पुण्याची मेट्रो खरोखरच स्टँडर्ड गेजवर आहे, त्यामुळे काकांना बोलता येईना. पण पटलंही नाही.

लोहगडाची गोष्ट अशीच. गड समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर. खालचं पठार वजा केलं तरी तीन-चारशे मीटर उरतात. सत्त्याऐंशीनं भागून तो अकरा ते पंधरा फूट उंच होतो, म्हणजे वरच्या मजल्यावरच्यांच्या स्वयंपाकघरात शिरतो. मी तो मागच्या भिंतीवर वीतभर रंगवला, शेजारी विसापूर. दोन्ही जरा निळसर ठेवले की आपोआप लांब जातात. विजेच्या तारांच्या बाबतीत तर मी सरळ हात वर केले. लोकलच्या डोक्यावरची तार बोटाएवढी जाड. इथं ती केसाएवढी होणार आणि रूळ पुसताना दर वेळी तुटणार. म्हणून खांब सगळे आहेत, तारा नाहीत. आलेल्यांपैकी एकानंही तारा कुठं म्हणून विचारलं नाही. खांब दिसले की तार डोळाच ओढून घेतो.

खोटं न बोलता जमेल अशी एकच जागा सापडली होती, ती म्हणजे बोरघाट. घाटातला चढ ३७ फुटांत एक फूट. दहा फूट फळीवर तोच चढ धरला तर गाडी सव्वातीन इंच वर जाते आणि खालून दुसरी गाडी जायला एचओत साधारण तेवढीच उंची लागते. इंग्रजांनी घाट जणू माझ्या फळीसाठीच आखला होता. अडचण एवढीच की त्या चढावर हलक्या इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात. कर्जतला खऱ्या गाड्यांनाही मागून ढकलायला इंजिनं लावतात, तेव्हा हेही अस्सलच म्हणायचं. पण मागून ढकलायला जादा इंजिनं घेण्याइतकी ऐपत नव्हती. मी मुकाट्यानं सपाटीवरच्या मळवलीला आले.

आणि एक गोष्ट लहान होतच नाही, ती म्हणजे वेळ. ताशी १०० किलोमीटरनं जाणारी गाडी या मापात सेकंदाला जेमतेम फूटभर सरकते. रांगणारं बाळ साधारण त्याच चालीनं जातं. बघायला आलेल्या मुलांना हा वेग अपमानास्पद वाटतो. ती नियंत्रकाचं बटण शेवटपर्यंत पिळतात आणि गाडी कामशेतच्या शेतात जाऊन पडते.

मग खरं कुठं राहायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे. मळात. नवा कोरा डबा, काळेभोर स्लीपर, चकचकीत रूळ असं सगळं मांडून ठेवलं की माप कितीही अचूक असो, ते खेळणंच दिसतं. खरा रूळ फक्त डोक्यावर चमकतो. त्याची कूस गंजून चॉकलेटी झालेली असते. आपल्याकडची खडी काळ्या कातळाची, करडी. पण लोकल जिथं ब्रेक लावते तिथं लोखंडाचा भुगा बसून ती तांबूस होते. नळाच्या खाली शेवाळ. खांबाच्या बुडाशी, साधारण कमरेच्या उंचीपर्यंत, पानाची पिंक. हे सगळं मी आयुष्यभर बघत आले होते, म्हणजे बघत नव्हते. खडू आणि पेस्टल घासून केलेली भुकटी, मऊ ब्रश आणि वरून बिनचकाकीचं व्हार्निश, एवढ्यावर हा मळ होतो. खडी पसरायची, पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकायचे म्हणजे गोंद न ओघळता आत मुरतो, आणि ड्रॉपरनं ते सोडत बसायचं. हात बसल्यावर संध्याकाळ कशी जाते ते कळत नाही. धूळ मात्र आयती बसते ती चालत नाही. आमच्या भागात बांधकामं बारा महिने चालू आहेत आणि त्यांची धूळ मापाची नसते. पालही तशीच. पाच इंची पाल फलाटावरून गेली की अर्ध्या डब्याएवढं जनावर मळवलीतून गेलेलं असतं.

सामान सगळं इथलंच. प्लायवुड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून, तार आणि ट्रान्सफॉर्मर तपकीर गल्लीतून, बारीक जाळीची चाळणी बोहरी आळीतून, रंग अप्पा बळवंत चौकातून. सगळीकडे एकच प्रश्न येतो, “मुलाचं प्रोजेक्ट का, ताई?” मी हो म्हणते. मुलगा बंगळुरात नोकरी करतो. पण हो म्हटलं की दुकानदार जास्त मन लावून दाखवतो.

इमारतीतल्या पोरांना अर्थात हे माप-बिप मान्य नाही. त्यांचं शिक्षण दिवाळीच्या किल्ल्यावर झालेलं. तिथं महाराज बुरुजाहून उंच असतात, पायथ्याशी वाघ मावळ्याएवढा असतो, अळीव उगवलं की जंगल झालं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय ही सगळी पोरं शाळेबरोबर पाहून आली आहेत, तरी माझ्या लोहगडाजवळ त्यांना महाराज हवेतच. एकानं मातीचा मावळा आणून फलाटावर उभा केला. तीन इंचांचा. म्हणजे बावीस फुटी! छपरावरून वाकून तो लोकलमध्ये बघत होता. मी काढला नाही. गाडी आली तेव्हा मात्र त्यालाच धडकली.

फलाटावरचे प्रवासी हे चालू प्रकरण आहे. या मापात माणूस दोन सेंटिमीटरहूनही बुटका असतो आणि तो जर्मनीहून येतो. प्रायझर नावाची कंपनी ही माणसं करते, नाकडोळ्यांसकट सुरेख; फक्त सगळे ओव्हरकोटात. मळवलीला, मे महिन्यात. ओव्हरकोट गुडघ्याखालून तासला की नेहरू शर्ट होतो. बायकांना टिश्यू पेपरची साडी नेसवते, पातळ गोंदात बुडवून, चिमट्यानं. निऱ्या तीनच येतात. सासूबाईंनी भिंग लावून पाहिल्या आणि पदर उजव्या खांद्यावर का म्हणून विचारलं. मी म्हटलं, गुजराथी आहे. त्यांची खरी तक्रार वेगळी होती. “कुत्रं कुठाय? आणि चहावाला? एवढी माणसं आणि एकाच्याही हातात कप नाही. ही गाडी वेळेवर येते की काय?” तेव्हापासून कुत्रं आलं, चहाचा गाडाही आला.

एक जर्मन तेवढा अडून बसला आहे. संचाबरोबर आला, टाकवत नाही. कोट तासला, टोपीची गांधी टोपी झाली, पण खांद्यावर बर्फावरून घसरायच्या दोन लांब पट्ट्या आहेत. त्या कापल्या तर खांदाही जातो. सासूबाईंनी भिंगातून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “ऊस म्हणून सांग.” मी माप घेतलं. दोन मीटर. उसाचंही तेवढंच भरतं. मळवलीला उसाची मोळी घेऊन कोण उतरतं, असं काका विचारतीलच, पण ते नंतर बघू. आधी त्याला पेरं काढायची आहेत.