सुपातलं अथेन्स

आईला दमा आहे. त्यामुळे "अगं, यंदा येतेच मी तुझ्याकडे" असं ती दादरहून म्हणाली, तेव्हा मी तिकिटांच्या आधी हवेचा विचार करायला लागले. तिला त्यात विचार करण्यासारखं काही वाटेना. समुद्रकाठचं शहर, भोवती डोंगर, वर्षभर ऊन, मग हवा छान असणारच की! इथे येण्याआधी मीही तेच धरून चालले होते.

अथेन्सचा नकाशा बघितला की मला सूप आठवतं. पश्चिमेला एगालेओ, उत्तरेला पार्निथा, ईशान्येला पेन्देली (पार्थेनॉनचा संगमरवर तिथलाच), पूर्वेला इमित्तोस. नैर्ऋत्येची बाजू तेवढी समुद्राकडे उघडी. पार्निथा १४१३ मीटर, म्हणजे साधारण महाबळेश्वरएवढा, त्यामुळे सुपाची कड चांगलीच उंच. पाखडायचं काम वाऱ्याचं. तो सुटला तर कोंडा उडून जातो, पडला की सगळं सुपातच.

गंमत म्हणजे दिवसाचा समुद्री वारा पाखडत नाही, नुसता ढकलतो. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते, ते इथे येऊन कळले. उन्हाळ्यात पिरेयस बंदराचा आणि रस्त्यांवरचा धूर खारा वारा दुपारभर उत्तरेच्या डोंगरांकडे नेतो. वाटेत कडक उन्हात त्या धुराचा ओझोन तयार होतो, म्हणजे दमेकऱ्याला त्रास देणारा वायू. शहराच्या मध्यात गाड्यांचा ताजा धूर हा ओझोन खाऊन टाकतो, पण उपनगरांत तो साचतो. त्यामुळे मोकळ्या हवेसाठी लोक ज्या पाईनच्या सावलीतल्या उत्तर उपनगरांत राहायला गेले, तिथेच उन्हाळी दुपारी ओझोन जास्त. रात्री मतलई वारा त्यातलं थोडं परत खाली आणून टाकतो.

मग हिवाळा? जानेवारीच्या आसपास इथे काही दिवस असे येतात की वारा पूर्ण पडतो, आकाश निळंशार, ऊन कोवळं. यांना 'अल्किओनिदेस' म्हणतात. पुराणकथेतली अल्किओनी खंड्या पक्षीण झाली आणि तिला अंडी उबवता यावीत म्हणून देवांनी भर हिवाळ्यात वारा थांबवला. सगळं शहर उन्हात कॉफी घेऊन बसलेलं असतं. पण खंड्याला मानवतं ते दमेकऱ्याला मानवेलच असं नाही. लांब, निरभ्र रात्री जमीन गार होते, गार हवा तळाशी बसते आणि वरच्या उबदार हवेचं तिच्यावर झाकण पडतं. त्याखाली संध्याकाळी घराघरांतल्या 'त्झाकी' पेटतात, म्हणजे फायरप्लेस. २०१२ मध्ये, आर्थिक संकटाच्या काळात, घर तापवायच्या तेलावरचा कर खूप वाढला, तेव्हा लोकांनी मिळेल ते लाकूड जाळलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी सांगतात की त्या हिवाळ्यात धुतलेल्या चादरींनाही धुराचा वास यायचा. त्यांना १९८० च्या दशकातलं 'नेफोस'ही आठवतं. शब्दाचा अर्थ नुसता 'ढग', पण होतं ते शहरावरचं तपकिरी धुरकं. १९८२ पासून गाड्यांना सम-विषम नंबरांचा नियम लागला तो त्यामुळेच. अ‍ॅक्रोपोलिसवरच्या देवळात खांबांच्या जागी उभ्या असलेल्या दगडी कन्यकांनाही याच हवेपायी संग्रहालयात हलवलं. आज तिथे उभ्या आहेत त्या प्रतिकृती.

वसंतातला पाहुणा वेगळाच. दक्षिणेचा वारा सुटला की समुद्र ओलांडून सहाराची धूळ येते. २३ एप्रिल २०२४ ला दुपारी खिडकीबाहेर बघितलं तर सगळं आकाश केशरी, अ‍ॅक्रोपोलिस जेमतेम दिसत होतं. अशा धुळीत पाऊस पडला की गाड्यांवर, गॅलरीवर चिखलाचे शिंतोडे. ग्रीकांकडे त्याला खास शब्द आहे, 'लास्पोव्रोखी', चिखलपाऊस. मी तीनदा गॅलरी धुतली तरी तुळशीची पानं तांबूसच.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र 'मेल्तेमी' येतो, उत्तरेचा कोरडा, दणकट वारा. हा खरा पाखडणारा. एका दिवसात इमित्तोसवरचं झाड न् झाड दिसायला लागतं. पण वणवा लागला तर त्याला फुंकणाराही हाच. ऑगस्ट २०२४ मध्ये वार्नावास गावाजवळ लागलेली आग त्याने पेन्देलीवरून थेट उपनगरांच्या घरांपर्यंत आणली. त्या दिवशी मी खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबून बसले होते.

असं कॅलेंडरचं एकेक पान उलटत मी ऑक्टोबरवर आले. पहिले पाऊस होऊन गेलेले, त्झाकी अजून थंड, वणव्यांचा जोर ओसरलेला. शिवाय मुंबईतल्या फटाक्यांच्या धुरातूनही आईची सुटका. मी मोठ्या उत्साहाने फोन केला. तिने सुपाची सगळी गोष्ट नीट ऐकून घेतली.

"म्हणजे ऐन दिवाळीत घराला कुलूप? अंगणात पणती कोण लावणार, शेजारीण? तू एप्रिलचंच बघ."