अकरा घरं, नऊ मतं

मे २०२४. मुंबईचं मतदान २० तारखेला, आणि त्याआधीच्या आठवड्यात आमचं गृह मतदानाचं पथक लालबागच्या चाळींचे जिने चढत होतं. दोन मतदान अधिकारी, एक व्हिडिओवाला, एक पोलीस. यादीत अकरा घरं: ८५ च्या पुढचे किंवा ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले, अधिसूचनेनंतर पाच दिवसांत नमुना १२-ड, म्हणजे घरून मत देण्याचा अर्ज, भरून दिलेले.

एका मताला पंचवीस मिनिटं सहज जातात. ओळखपत्र पाहायचं, १३-अ या प्रतिज्ञापत्रावर मतदाराची सही किंवा अंगठा, त्याखाली आमचं साक्षांकन. मग पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा. घरच्यांना बाहेर काढणं हे सगळ्यात अवघड, दहा बाय बाराच्या खोलीत ते जाणार कुठे? मतपत्रिका घडी घालून लिफाफा ‘अ’ मध्ये, तो बंद करून १३-अ सोबत लिफाफा ‘ब’ मध्ये, आणि ‘ब’ पेटीत. घाईत प्रतिज्ञापत्रच ‘अ’ मध्ये गेलं तर मोजणीत ते सापडत नाही आणि मत बाद. ‘अ’ वरचा मतपत्रिका क्रमांक १३-अ वरच्या क्रमांकाशी जुळला नाही, तरी तेच.

चहाला थांबलो तेव्हा विषय निघाला: अमेरिकेत मिनेसोटात ४६ दिवस आधी मत देता येतं, मग इथे का नाही? इथे अर्ज मागे घ्यायची मुदत ६ मेला संपली. मतपत्रिका छापायची ती त्यानंतरच, हातात उरले चौदा दिवस. शिवाय लवकर दिलेलं मत बहुतेक ठिकाणी परत घेता येत नाही. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणारे बुटिजेज आणि क्लोबुचर ‘सुपर ट्यूसडे’च्या, म्हणजे अनेक राज्यांत एकाच दिवशी होणाऱ्या पक्षांतर्गत मतदानाच्या, एक-दोन दिवस आधी बाहेर पडले, त्यांना आधीच दिलेली मतं वाया गेली. आणि पेटी जितके दिवस ठेवायची, तितक्या रात्री स्ट्राँगरूम, पहारा, सील. खर्च खरा तिथे आहे.

तरी लवकर मत द्यायला सगळ्यांनाच चार-पाच दिवस तरी हवेत, असं माझं मत. शनिवार-रविवारला जोडून सोमवारी मतदान, तेही मे महिन्यात! चाकरमानी गावी जाणारच.

नऊ मतं झाली. एका आजोबांना आदल्या रात्रीच रुग्णालयात नेलं होतं. अकराव्या दाराला कुलूप. दुसऱ्या फेरीची वेळ शेजाऱ्यांकडे निरोप ठेवून कळवली, तेव्हाही कुलूपच. आजी लेकाबरोबर कणकवलीला गेलेल्या. दोनदाच जायचा नियम, तिसरी फेरी नाही. यादीत त्यांच्या नावापुढे ‘पीबी’ (पोस्टल बॅलट, टपाली मतपत्रिका) लागलेलं, म्हणजे वीस तारखेला परत आल्या तरी केंद्रावर यंत्राचं बटण दाबता येणार नाही.