हाया लोहभट्टीचा लिनो: की ब्लॉक कोरून झाला, आता मातीचा रंग

आफ्रिकन लोहभट्ट्यांची जी व्हिंटेज धर्तीची सिरीज करतेय त्यातल्या पहिल्या चित्राचा, म्हणजे टांझानियातल्या हाया लोकांच्या भट्टीचा, की ब्लॉक (मुख्य काळ्या रेघांचा ठसा) कोरून झाला आणि पहिली प्रूफं, म्हणजे चाचणीचे छाप, पण निघाली. ए थ्री साईझ, साधा करडा लिनो (लिनोलियमचा मऊ पत्रा, त्यावर कोरून छापतात), काळ्या शाईत बऱ्यापैकी बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, मिसळलेला. बऱ्याच जणांनी विचारलेलं की एवढे विषय सोडून हाच का, म्हणून यावेळी जरा सविस्तर लिहिते.

१९व्या शतकातल्या युरोपियन प्रवाशांच्या पुस्तकांमध्ये आफ्रिकन लोहारांची, भट्ट्यांची चित्रं असायची, आज व्हिंटेज वॉल आर्ट म्हणून जे विकतात त्यात बरेचदा त्याच चित्रांचे स्कॅन असतात. त्यातली रेघ अप्रतिमच आहे, मी तासन् तास बघत बसते. पण ती कोरणारा कारागीर युरोपातल्या वर्कशॉपमध्ये बसलेला, समोर प्रवाशाने आणलेलं स्केच किंवा नंतरच्या काळात फोटो, त्याने स्वतः भट्टी कधी पाहिलेलीच नसायची, मग भट्टी म्हणजे मागे धूर सोडणारा मातीचा ढिगारा आणि पुढे एकाच साच्यातले चेहरे. मला ती रेघ हवीय पण भट्टी चालणारी हवीय. चित्र बघून कळलं पाहिजे की हवा कुठून शिरते, कोळसा कुठे, लोखंड नेमकं कुठे जमतं.

म्हणून हाया. व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेला, कागेरा भागात. स्वस्त युरोपियन अवजारं आली आणि तिथलं लोखंड गाळणं बंद पडलं, पण पीटर श्मिट आणि डोनाल्ड एव्हरी या संशोधकांसाठी तिथल्या म्हाताऱ्या लोकांनी १९७० च्या दशकात आठवणीतून भट्टी पुन्हा उभी केली आणि चालवून दाखवली, त्यावरचा लेख १९७८ साली 'सायन्स'मध्ये आला. त्यामुळे रचना नीट माहीत आहे. जमिनीत खड्डा, त्यात दलदलीतलं अर्धवट जाळलेलं गवत ठासून भरलेलं, वर माणसाच्या छातीएवढी उंच निमुळती भट्टी, जुन्या स्लॅगचे (लोखंड गाळताना निघणाऱ्या मळीचे) तुकडे आणि वारुळाची माती वापरून बांधलेली. भोवती ८ मातीच्या नळ्या, प्रत्येकीला बाहेरून बकऱ्याच्या कातड्याचा भाता, आणि या नळ्या भिंतीपाशी थांबत नाहीत, आत पार मध्यापर्यंत गेलेल्या असतात.

मी अर्धी भट्टी बाहेरून आणि अर्धी कापून दाखवलीय, जुन्या ज्ञानकोशातल्या प्लेटसारखी. कापलेल्या बाजूला लोणारी कोळसा आणि भाजलेलं खनिज, त्याखाली नळ्यांची तोंडं, त्याखाली गवत. लोखंड इथे वितळून वाहत नाही हे दाखवणं सगळ्यात अवघड होतं. लोखंडाचा वितळबिंदू १५३८ अंश. त्याच्या बऱ्याच खाली, १२०० च्या आसपास, कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, मळी पातळ होऊन खाली गवतात उतरते, आणि लोखंड घट्टच राहून त्याचा ओबडधोबड स्पंजी गोळा होतो. म्हणजे चित्रात वाहते ती मळी. तिच्यासाठी बारीक यू गॉजने (गोल टोकाच्या कोरणीने) वरून खाली एका दमात रेघा काढल्या, आणि गोळ्यासाठी जवळजवळ काहीच कोरलं नाही, काळाच ठेवलाय, कडेला फक्त थोडे बारीक टोचे. गवताच्या रेघा मात्र आडव्यातिडव्या आणि भरपूर, कारण उत्खननात सापडणाऱ्या स्लॅगवर गवताचे ठसे तसेच उमटलेले असतात.

आता भाता. माझ्यासाठी अख्ख्या ब्लॉकमधली सगळ्यात महत्त्वाची जागा तीच आहे आणि ती आहे जेमतेम नखाएवढी. आफ्रिकेतल्या अशा भात्यांना बहुतेक वेळा झडप नसते. लाकडी भांड्यावर सैल कातडं दोरीने आवळलेलं, मधोमध काठी, काठी खाली दाबली की हवा पुढे, वर उचलली की कातडं हवा आत ओढणार. मग वर उचलताना भट्टीतली गरम हवा, निखारे का नाही ओढले जात? कारण भात्याचं तोंड नळीत घट्ट बसवलेलंच नसतं, नळीचं तोंड पसरट असतं आणि दोघांमध्ये फट ठेवतात, वर उचलताना थंड हवा त्या फटीतून येते. एवढी साधी, एवढी हुशार गोष्ट. मी पाहिलेल्या कितीतरी सजावटी चित्रांत भाता थेट भट्टीत खुपसलेला आहे. माझ्या प्रिंटमध्ये तिथे स्वच्छ पांढरी फट आहे आणि सगळ्यात लहान व्ही टूलने (टोकदार कोरणीने) तिची कड धरलीय.

एक वाद आहे तोही सांगते. लांब नळ्या आत असल्यामुळे हवा जाता जाता तापते आणि म्हणून एवढं जास्त तापमान मिळतं असं श्मिट-एव्हरी यांचं म्हणणं, इतर काही अभ्यासकांना ते पटलेलं नाही. मी नळ्या लांब दाखवल्यात कारण त्या तशा होत्या, पण 'हवा तापते' असं लेबल टाकलेलं नाही. बाकी लेबलं देवनागरीत, ब्लॉकवर उलटी कोरलेली: भाता, नळी, कोळसा, वारुळाची माती.

कागदाबद्दल. चहाच्या पाण्यात बुडवून जुना दिसणारा कागद मी वापरणार नाही. जुनेपण रेघेत असावं, डागात नको. हातकागद घेतलाय, जरा पिवळसर, खूप खरबरीत नाही, नाहीतर ती फट शाईने भरते. दुसरा ब्लॉक फक्त मातीच्या तांबूस रंगाचा असेल, भट्टीच्या भिंतीपुरता, आणि त्याची शाई पारदर्शक मीडियम (रंग फिका करणारं मिश्रण) घालून पातळच ठेवणार.

पुढच्या प्लेटसाठी टांझानियातलीच फिपा लोकांची भट्टी पक्की केलीय. ती सुमारे ३ मीटर उंच, तळाशी भोवताली हवेच्या नळ्या, आणि भाता अजिबात नाही, उंचीमुळे आपोआप हवा खेचली जाते. त्यातून निघालेलं लोखंड मग छोट्या भट्टीत भाता लावून पुन्हा शुद्ध करायचे, ती छोटी भट्टी खाली कोपऱ्यात येईल. त्यानंतर झिम्बाब्वेतली शोना भट्टी, जिच्यावर मातीचे स्तन घडवलेले असतात, कारण तिथे भट्टी म्हणजे स्त्री आणि लोखंड म्हणजे तिचं बाळ. घरात लावायचं चित्र आहे म्हणून ते गाळा असं एकाने सुचवलं. मी गाळणार नाही, तो त्या भट्टीचा अर्थच आहे. बुर्किना फासोचंही डोक्यात आहे, तिथली ५ ठिकाणं २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलीत आणि त्यातल्या दुरुलाचा काळ इ.स.पू. ८व्या शतकापर्यंत मागे जातो.

सिरीजच्या शेवटी एक नकाशा करायचाय. अल-इद्रिसी या भूगोलकाराने १२व्या शतकातच लिहून ठेवलंय की आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सोफालाचं लोखंड हिंदुस्थानात यायचं आणि इथे त्याला चांगली मागणी होती. तर नकाशात सोफालाहून आपल्या किनाऱ्याकडे येणारं शिडाचं गलबत असणारच.

फिपाची प्लेट उभी आणि लांब होणार, कागद ब्लॉकवर ठेवून हाताने, चमच्याने घासून छापलं तर एवढा मोठा काळा भाग एकसारखा उठत नाही. पुण्यात कुणाकडे एचिंग प्रेस (रोलरने दाब देणारं छापयंत्र) भाड्याने मिळत असेल, बेड किमान अडीच फूट हवा, तर कळवा.