एकच छोटी झूम लेन्स घ्यायची असेल तर

“मिररलेस कॅमेरा घेतला आहे, आता कायम जवळ बाळगता येईल अशी एकच छोटी झूम लेन्स कोणती घ्यावी?” असे मला अनेकजण विचारतात. तुम्हीही विचारलेत म्हणून, आणि तुमचा कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा (३५ मिमी फिल्मएवढ्या ‘फुलफ्रेम’ सेन्सरपेक्षा लहान) आहे हे धरून, सविस्तर लिहितो. मी सिग्माची १८-५० मिमी एफ २.८ ही २०२१ साली आलेली लेन्स वापरतो आणि तीच सुचवतो. (मिमीचा आकडा लहान तितके दृश्य रुंद, आणि एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडते.) ती सोनी, फुजीफिल्म आणि कॅनन या तिन्हींच्या माउंटसाठी (लेन्स बसवायच्या जोडासाठी) मिळते.

त्याआधी माझ्याकडे सोनीची १६-५० मिमी किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) होती. तिचे वजन अवघे ११६ ग्रॅम, आणि उन्हात एफ ८ वर काढलेल्या फोटोंबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. यवतजवळच्या भुलेश्वर मंदिरातल्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गातही तिने निभावले, कारण मूर्ती हलत नाहीत, आणि लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनमुळे शटरचा वेग १/१५ सेकंदापर्यंत उतरवला तरी हात स्थिर ठेवून दगडावरचे कोरीव काम स्पष्ट टिपता येत होते. अडचण आली ती गावच्या देवळातल्या कीर्तनात. टाळकरी हलत होते, त्यामुळे शटर १/१२५ च्या खाली नेता येईना. ५० मिमीला ही लेन्स एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही, म्हणून आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ६४०० वर गेला आणि चेहऱ्यांवरचे बारकावे पुसट झाले. एफ २.८ वर चौपट प्रकाश आत येतो आणि तोच फोटो आयएसओ १६०० वर निघतो. स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सावरते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही, हा फरक दुकानात सहसा कोणी सांगत नाही. सिग्माच्या या लेन्समध्ये ते मुळीच नाही. तुमच्या कॅमेऱ्याच्या बॉडीतही नसेल, तर भुलेश्वरसारख्या ठिकाणी तुम्हाला त्याची उणीव जाणवेल, हेही मला सांगितलेच पाहिजे.

दुसरी तडजोड रुंद बाजूची. दीडपट क्रॉपच्या (फुलफ्रेमपेक्षा दीडपट अरुंद दृश्य टिपणाऱ्या) सेन्सरवर १८ मिमी म्हणजे फुलफ्रेमच्या हिशेबाने २७, तर १६ मिमी म्हणजे २४. जुन्या वाड्याच्या माजघरात भिंतीला पाठ टेकवून उभे राहिल्यावर हे दोन मिलिमीटर फार मोठे वाटतात. लांबची बाजू कमी पडली तर दोन पावले पुढे जाता येते किंवा नंतर फोटो कापता येतो. रुंदीच्या बाबतीत असा उपाय नसतो. म्हणून घरे आणि वास्तू हाच तुमचा मुख्य विषय असेल, तर मी १६ पासून सुरू होणारीच लेन्स घ्यायला सांगेन.

वजनाचे म्हणाल, तर ही २९० ग्रॅमची आहे. फुलफ्रेमसाठीची सिग्माची २०१९ ची २४-७० एफ २.८ सुमारे ८३० ग्रॅमची. ती घेऊन मी एकदा हरिश्चंद्रगड चढलो आणि बहुतेक वेळ ती पाठीवरच्या सॅकमध्येच राहिली. छोटी लेन्स मात्र गळ्यातल्या कॅमेऱ्यावर असते, आणि १८ मिमीला फूल जवळजवळ काचेला टेकेल इतक्या अंतरावरूनही फोकस करते, त्यामुळे भाद्रपदात कड्यावरची सोनकी टिपायला दुसरी लेन्स लागत नाही.

विकत घेण्यापूर्वी गेल्या वर्षभरातले तुमचे आवडते शंभर फोटो काढून त्यांची फोकल लेंथ (मिमीचा आकडा) आणि आयएसओ तपासा. त्यातले बहुतेक दिवसाउजेडी, कमी आयएसओवर काढलेले असतील, तर सध्याची किट लेन्सच ठेवा.