तीन वाक्यांचं एक वाक्य करताना

अनुवादकाच्या जागेसाठी लेखी परीक्षा होती. त्यात मराठी व्याकरणाचा वेगळा भाग होता आणि त्या भागात वाक्यसंश्लेषणावर बराच भर होता. दोन-तीन सुटी वाक्यं दिलेली असतात, त्यांचं एक वाक्य करायचं; अर्थ सांडता कामा नये आणि शब्दही वाढता कामा नयेत. माझं शिक्षण इंदूरलाच, हिंदी माध्यमात झालं. घरी मराठी, बाहेर हिंदी. हिंदीतल्या सरल वाक्याला, म्हणजे एकच मुख्य क्रियापद असलेल्या वाक्याला, मराठीत केवल वाक्य म्हणतात, इथपासून माझी तयारी सुरू झाली.

खजुरी बाजारात स्पर्धा परीक्षांची पुस्तकं मिळाली, पण सगळी हिंदी. व्याकरणाचं पुस्तक मामेभावाने पुण्याहून पाठवलं. शिकवलं मात्र रामबागेतल्या एका काकूंनी. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांचं पहिलंच सांगणं असं होतं, "अगं, जोडायची घाई करू नकोस. आधी प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मार आणि वर लिही, हे कोणी केलं."

या एका सवयीने अर्धं काम होतं. 'मी घरी आले. मी चहा केला.' दोन्हीकडे कर्ता मीच, म्हणून 'घरी येऊन मी चहा केला' सरळ जमतं. 'पाऊस थांबला. आम्ही सराफ्यात गेलो.' इथे कर्ते वेगळे, 'थांबून' चालत नाही. 'पाऊस थांबल्यावर आम्ही सराफ्यात गेलो' म्हणावं लागतं. हे झालं केवल वाक्य. संयुक्त, म्हणजे बरोबरीची दोन वाक्यं जोडलेलं, हवं असेल तर 'पाऊस थांबला आणि आम्ही सराफ्यात गेलो', मिश्र, म्हणजे एक मुख्य आणि दुसरं त्यावर अवलंबून असलेलं, हवं असेल तर 'जेव्हा पाऊस थांबला, तेव्हा आम्ही सराफ्यात गेलो'. 'पाऊस पडून रस्त्यावर पाणी साचलं' हे मात्र कर्ते वेगळे असूनही बरोबर आहे, कारण पहिल्या क्रियेनेच दुसरी घडवली. असे अपवाद काकू नियमाच्या बरोबरीनेच सांगायच्या. मला ते फार आवडायचं, कारण नुसता नियम पाठ करून परीक्षेत नेमकं इथेच अडायला होतं.

नकार आणि विरोध असेल तिथे शब्द सहज वाचतात. 'त्याने अर्ज वाचला नाही. त्याने सही केली.' याचं 'अर्ज न वाचता त्याने सही केली' होतं. 'ती आजारी होती. ती परीक्षेला आली.' याचं 'आजारी असूनही ती परीक्षेला आली'.

खरा कस लागला तो या वाक्यांवर: अहिल्याबाई मल्हारराव होळकरांच्या सून होत्या. त्यांनी 1767 मध्ये राज्यकारभार हाती घेतला. त्यांनी महेश्वरला राजधानी केली. पुस्तकातलं उत्तर होतं, 'मल्हारराव होळकरांच्या सून अहिल्याबाई यांनी 1767 मध्ये राज्यकारभार हाती घेऊन महेश्वरला राजधानी केली.' काकूंनी पेन्सिल 1767 वर टेकवली आणि विचारलं, "हे साल कारभाराचं की राजधानीचं?" दिलेल्या वाक्यांत साल फक्त कारभाराचं होतं, जोडलेल्या वाक्यात ते राजधानीलाही चिकटलं. मग आम्ही ते असं केलं: '1767 मध्ये राज्यकारभार हाती घेतल्यानंतर मल्हारराव होळकरांच्या सून अहिल्याबाई यांनी महेश्वरला राजधानी केली.' लांबी जवळजवळ तेवढीच, पण साल आपल्या जागी राहिलं.

तेव्हापासून मी सगळ्यात छोट्या वाक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणं सोडलं. 'काल इंदूरला आलेल्या माझ्या भावाच्या मित्राला नोकरी मिळाली.' आटोपशीर आहे, पण काल आलं कोण, भाऊ की मित्र? 'माझ्या भावाचा जो मित्र काल इंदूरला आला, त्याला नोकरी मिळाली' यात थोडे शब्द जास्त आहेत, शंका मात्र उरत नाही. प्रश्नात केवल वाक्यच मागितलं असेल तर 'माझ्या भावाच्या, काल इंदूरला आलेल्या मित्राला नोकरी मिळाली' असं विशेषण मित्राला लगटून ठेवायचं.

'म्हणून'वरही वेळ द्यावा लागतो. 'पाऊस आला म्हणून सामना थांबला' यात परिणाम आहे, वाक्य संयुक्त. 'चांगलं शिक्षण मिळावं म्हणून तो इंदूरला आला' यात उद्देश आहे, वाक्य मिश्र. क्रियापद 'मिळावं'सारखं असलं की उद्देश ओळखायचा.

परीक्षेत प्रश्नपत्रिकेवरच क्रियापदांखाली रेघा मारत गेले. वेळ पुरला. लेखीत पास झाले आहे, आता अनुवादाची चाचणी आहे. तिथे उलटं काम: कार्यालयीन हिंदीतली परिच्छेदभर लांब वाक्यं तोडून मराठीत सुटी करायची. काकूंनी पहिला उतारा दिला आहे. त्यातलं पहिलंच वाक्य अर्धं पान व्यापतं आणि माझ्या अजून निम्म्याच रेघा मारून झाल्या आहेत.